पहिली दुर्बीण: वाचकांचे प्रश्न

पाऊस ओसरून आकाश मोकळे होऊ लागले की दुर्बीण घेण्याविषयीची पत्रे वाढतात, आणि यंदाही तसेच झाले आहे. एकाच आशयाची पत्रे एकत्र करून त्यांतील पाच प्रश्न येथे घेतले आहेत. अमुकच मॉडेल घ्या अशी शिफारस या सदरात केली जात नाही. मॉडेले दर वर्षी बदलत असल्याने, घेताना काय पाहावे एवढेच सांगणे उपयोगाचे ठरते.

प्रश्न (नाशिक येथील एक पालक): माझी मुलगी सहावीत असून तिला ग्रहताऱ्यांची आवड लागली आहे. एक दुर्बीण ऑनलाइन पाहिली. तिचे भिंग ६० मिमी असून खोक्यावर ठळक अक्षरांत "५२५ पट" असे लिहिले आहे. दुसरी १३० मिमी आरशाची दुर्बीण जवळपास तिप्पट किमतीची आहे, पण तिच्यावर किती पट याचा उल्लेखच नाही. जास्त पैसे देऊन कमी मोठे दाखवणारी वस्तू का घ्यावी?

उत्तर: ५२५ हा आकडा गणिताने बरोबर आहे आणि तरीही निरुपयोगी आहे. दुर्बिणीचे नाभीय अंतर (भिंगापासून किंवा आरशापासून प्रतिमा तयार होते तिथपर्यंतचे अंतर) भागिले आयपीसचे, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाचे, नाभीय अंतर, एवढेच ते गणित असते. अशा दुर्बिणीचे नाभीय अंतर बहुधा ७०० मिमी असते, सोबत ४ मिमीचा आयपीस आणि तिप्पट करणारी बार्लो नळी दिलेली असते; ७०० भागिले ४ म्हणजे १७५, आणि त्याची तिप्पट ५२५. हा आकडा कोणत्याही दुर्बिणीवर हवा तितका वाढवता येतो, कारण त्यासाठी फक्त आणखी लहान आयपीस लावायचा असतो. तो लावल्यावर दिसते काय, हा खरा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर भिंगाच्या किंवा आरशाच्या व्यासावर अवलंबून असते. व्यास जितके मिलिमीटर असेल त्याच्या साधारण दुप्पट, एवढीच पट उपयोगाची, असा ठोकताळा हौशी निरीक्षक वापरतात. म्हणजे ६० मिमीला १२० पट ही हद्द झाली. त्यापुढे तेवढाच प्रकाश अधिकाधिक मोठ्या प्रतिमेवर पसरत जातो, प्रतिमा अंधूक होते आणि नवा तपशील एकही दिसत नाही, कारण किती बारीक तपशील वेगळा दिसेल हेही व्यासच ठरवतो. १३० मिमी आरसा ६० मिमी भिंगाच्या साडेचार पटींहून अधिक प्रकाश गोळा करतो. मधल्या लहान आरशाच्या सावलीने त्यातला थोडा वाया जातो, पण तफावत प्रचंडच राहते. जास्तीचे पैसे त्यासाठी द्यायचे.

शिवाय आकाशातील पाहण्यासारख्या बहुतेक गोष्टींना मोठी पट लागतच नाही. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र पाहिले ते सुमारे वीस पट दाखविणाऱ्या दुर्बिणीतून. शनीची कडी तीस पटींतच वेगळी ओळखू येते. (मार्च २०२५ मध्ये कडी पृथ्वीवरून अगदी कडेने दिसत असल्याने जवळजवळ नाहीशी झाली होती, सुमारे पंधरा वर्षांनी एकदा असे होते. त्यानंतर ती पुन्हा हळूहळू उघडत आहेत, तेव्हा मुलीसाठी हा काळ चांगला आहे.) कृत्तिकांचा पुंजका तर पट जितकी कमी तितका देखणा दिसतो, कारण तो सबंध नजरेत मावावा लागतो.

व्यासानंतर पाहायचा तो स्टँड, आणि पहिली दुर्बीण घेणारे बहुतेक जण इथेच फसतात. स्वस्त दुर्बिणीचे तीन पाय पातळ पत्र्याचे असतात आणि जिथे दुर्बीण बसते तो सांधा प्लॅस्टिकचा असतो. पट शंभर असली की स्टँडचा कंपही शंभर पट मोठा दिसतो. फोकसचा स्क्रू फिरवायला हात लावला की चंद्र दृष्टिक्षेत्रात उड्या मारू लागतो आणि हात काढल्यावर स्थिर होईपर्यंत तो सरकून बाहेरही गेलेला असतो. दुकानात प्रत्यक्ष पाहणे शक्य असेल तर समोरच्या इमारतीवरील पाण्याच्या टाकीवर दुर्बीण लावून नळीला बोटाने हलकी टिचकी मारावी आणि चित्र शांत व्हायला किती वेळ लागतो ते पाहावे. एक-दोन सेकंदांत शांत झाले तर उत्तम. पाच सेकंद थरथरत राहिले तर भिंग कितीही चांगले असो, ती दुर्बीण घेऊ नये.

याच भेटीत आयपीसवरची अक्षरेही वाचावीत. "एसआर ४" असे कोरलेला आयपीस बहुधा फक्त पट वाढवून सांगण्यासाठी दिलेला असतो. त्याचे डोळ्याकडचे छिद्र मोहरीएवढे असते आणि त्यातून चष्मा लावून पाहणे जवळजवळ अशक्य असते. केल्नर किंवा प्लॉसल जातीचे २५ आणि १० मिमीचे आयपीस असतील तर सुरुवात नीट होते. आयपीसच्या नळीचा व्यास सव्वा इंच असावा, म्हणजे पुढे चांगला आयपीस घेतला तर तो त्याच दुर्बिणीला बसेल. आणखी एक सापळा म्हणजे ११४ मिमी आरशाची, नाभीय अंतर १००० मिमी असे लिहिलेली, पण प्रत्यक्षात जेमतेम दीड हात लांबीची नळी. तिच्यात गोलाकार आरशाचे नाभीय अंतर फोकसरच्या (आयपीस पुढे-मागे सरकवणाऱ्या भागाच्या) नळीत बसवलेल्या भिंगाने लांबवलेले असते; ते भिंग सहसा सुमार असते, आणि दुर्बिणीचे आरसे एका रेषेत आणणे नवशिक्याला त्यामुळे फार अवघड जाते.

आपण पाहिलेली १३० मिमीची दुर्बीण फिरत्या लाकडी बैठकीवर बसणारी, म्हणजे टेबलावर ठेवायची छोटी डॉब्सोनियन असेल, तर सहावीतल्या मुलीसाठी ती मला अधिक पसंत आहे. तिला पाय नसल्याने पैसा आरशात गेलेला असतो, हाताने ढकलली की ती हवी तिकडे वळते आणि भक्कम स्टुलावर ठेवली तर आयपीस मुलीच्या डोळ्यांच्या उंचीला येतो. फक्त आरसा पॅराबोलिक, म्हणजे सारा प्रकाश एकाच बिंदूवर आणणाऱ्या वक्रतेचा, आहे ना, हे विचारून घ्यावे. ६५० मिमी नाभीय अंतराच्या या आखूड दुर्बिणीत गोलाकार आरसा चालत नाही. एवढा खर्च आज नको असेल तर ७० मिमी भिंगाची, भक्कम स्टँडवरची साधी दुर्बीण घ्यावी. ५२५ पटींचे खोके मात्र घेऊ नये. ते महिनाभरात माळ्यावर जाते आणि मुलीला वाटते की आकाशातच काही पाहण्यासारखे नव्हते.

प्रश्न (ठाणे): आम्ही नवव्या मजल्यावर राहतो, गॅलरी नैर्ऋत्येकडे उघडते. तीस हजारांपर्यंत खर्च करू शकतो. इक्वेटोरियल स्टँडची दुर्बीण घ्यावी की डॉब्सोनियन? मोटर लावून आपोआप ग्रह शोधणारी घेतल्यास सोयीचे होईल का?

उत्तर: आपल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर गॅलरीनेच दिले आहे. इक्वेटोरियल स्टँडचा एक अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखावा लागतो, तरच त्याचा फायदा, म्हणजे एकाच अक्षावर फिरवून ताऱ्याचा पाठलाग करणे, मिळतो. ध्रुवतारा आपल्या अक्षांशाइतकाच उंच दिसत असल्याने ठाण्याहून तो उत्तर क्षितिजापासून जेमतेम १९ अंशांवर असतो. शहरात तो बहुधा समोरच्या इमारतीमागे दडलेला असतो आणि नैर्ऋत्येच्या गॅलरीतून तर दिसण्याचा प्रश्नच येत नाही. ज्या देशांतील पुस्तके वाचून लोक इक्वेटोरियल मागवतात, तिथे हा तारा आकाशात चांगला वर असतो. आपल्याकडे नवशिक्याच्या वाट्याला त्या स्टँडची वजने, स्क्रू आणि अवघडलेली मान एवढेच येते. तेव्हा वर-खाली आणि डावी-उजवीकडे फिरणारा साधा स्टँड किंवा डॉब्सोनियन बैठक, यांतूनच निवड करावी.

डॉब्सोनियन ही अमेरिकेतील जॉन डॉब्सन यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटपाथांवर लोकांना आकाश दाखवता दाखवता लोकप्रिय केलेली रचना. प्लायवूडची खोकेवजा बैठक आणि तिच्यावर आरशाची नळी, इतकी ती साधी आहे, आणि तेवढ्याच पैशांत सर्वांत मोठा आरसा तिच्यातच मिळतो. सहा इंची, १२०० मिमी नाभीय अंतराची डॉब्सोनियन २५ मिमीच्या आयपीसने ४८ पट आणि १० मिमीच्या आयपीसने १२० पट दाखवते, आणि हौशी निरीक्षकाला पुढची अनेक वर्षे पुरते. पण नळी सव्वा मीटर लांब आणि एकूण वजन पंधरा किलोंच्या पुढे असल्याने लिफ्टमधून गच्चीवर नेण्याची तयारी हवी, आणि सोसायटीकडून गच्चीची किल्ली मिळते का हे दुर्बीण मागवण्याआधी विचारलेले बरे. माझ्या मते हा प्रश्न आरशाच्या प्रतीइतकाच महत्त्वाचा आहे.

निव्वळ गॅलरीतून पाहायचे असेल तर एक अडचण लक्षात घ्यावी. आपण विषुववृत्ताच्या इतके जवळ आहोत की ग्रह वृषभ किंवा मिथुन राशीत असताना मध्यावर आले की जवळपास डोक्यावर येतात, आणि डोक्यावर तुमच्या गॅलरीत वरच्या मजल्याचा स्लॅब आहे. ते पश्चिमेकडे कलेपर्यंत थांबावे लागेल. वृश्चिक-धनू राशीतील ग्रह मात्र दक्षिणेला ५० अंशांच्या आसपास राहतात आणि तुम्हाला सुखाने दिसतील. दिवसभर तापलेल्या भिंतींतून आणि एसीच्या बाहेरच्या युनिटमधून निघणारी गरम हवा प्रतिमा लहरवते, म्हणून गॅलरीतले निरीक्षण रात्री उशिरा अधिक चांगले होते. काचेच्या खिडकीआडून पाहू नये. गॅलरीला जाळी बसवलेली असेल तर छोटी ९० मिमीची दुर्बीण जाळीच्या उघडणाऱ्या झडपेपाशी ठेवणे मोठ्या आरशापेक्षा शहाणपणाचे ठरेल.

मोटरविषयी माझे मत थोडे कडक आहे. तीस हजारांत मोटर, हँडसेट आणि संगणक बसवला तर आरशासाठी फारसे पैसे उरत नाहीत. शिवाय ती यंत्रणा सुरू करताना दोन-तीन तारे ओळखून दाखवावे लागतात. ठाण्याच्या झगमगाटात आणि अर्धे आकाश स्लॅबने झाकलेले असताना तेच अवघड पडते. मोटर नसेल तर पृथ्वीच्या परिवलनामुळे तारा दृष्टिक्षेत्रातून सरकत राहतो. १२० पटींना तो सुमारे पावणेदोन मिनिटांत एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जातो. नळी अधूनमधून बोटाने ढकलण्याची सवय पहिल्या आठवड्यातच लागते. शहरी प्रकाशाने तेजोमेघ आणि दीर्घिका पुसल्या जातात, पण चंद्र, ग्रह आणि जोडतारे यांचे त्याने काही बिघडत नाही. सप्तर्षींतील वसिष्ठ-अरुंधती ही जोडी नुसत्या डोळ्यांना दिसते. दुर्बिणीतून पाहिले की वसिष्ठच दोन ताऱ्यांचा असल्याचे दिसते, तेही शहरातून. तो उत्तरेकडचा असल्याने गच्चीची किल्ली इथेही लागेल. चंद्र पौर्णिमेला पाहू नये. शुद्ध अष्टमीच्या आसपास प्रकाश आणि सावलीच्या सीमेवर विवरांच्या सावल्या लांब पडलेल्या असतात, तेव्हा पाहावा.

प्रश्न (सावंतवाडी, निवृत्त शिक्षक): ओळखीच्या एका गृहस्थांकडून १० बाय ५० ची जुनी द्विनेत्री दुर्बीण अल्प किमतीत मिळत आहे. ती घ्यावी की थोडे थांबून खरी दुर्बीण घ्यावी? आमच्याकडील दमट हवेत भिंगे खराब होतात असे ऐकतो.

उत्तर: द्विनेत्री हीदेखील खरीच दुर्बीण आहे, आणि आपल्या जागेचा विचार करता पहिली दुर्बीण म्हणून मी तिचीच बाजू घेईन. १० म्हणजे पट आणि ५० म्हणजे पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास. आरामखुर्चीत रेलून, कोपर खुर्चीच्या हातांवर टेकवून पाहिले तर थरथर पुष्कळ कमी होते. गुरूचे चंद्र, देवयानी दीर्घिका, मृगातील तेजोमेघ, धनू राशीकडची आकाशगंगेची दाटी हे सारे तिच्यात दिसते. शनीची कडी मात्र दिसणार नाही, तो केवळ किंचित लांबट ठिपका वाटेल.

आपल्या अक्षांशावरून दक्षिणेचे आकाश फार मोठे मिळते, हे युरोपातील निरीक्षकांना हेवा वाटावा असे भाग्य आहे. एप्रिल-मे महिन्यांत, पाऊस येण्याआधी, रात्री नरतुरंग हा तारकासमूह दक्षिणेला मध्यावर येतो. त्यातील ओमेगा सेंटॉरी हा सुमारे १७ हजार प्रकाशवर्षांवरचा तारकागुच्छ आपल्याकडे २६ अंशांपर्यंत वर चढतो आणि १० बाय ५० मधून कापसाच्या गोळ्यासारखा दिसतो; लंडनहून तो कधीच उगवत नाही. मित्र हा तारा, सूर्यानंतरचा आपला सर्वांत जवळचा शेजारी, तोही सावंतवाडीहून १३ अंशांवर येतो. त्यासाठी दक्षिणेकडे माडांची रांग आड येणार नाही अशी जागा शोधावी.

जुनी द्विनेत्री घेताना तीन गोष्टी तपासाव्यात. मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च मारून पुढच्या भिंगातून आत तिरके पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके धागे दिसले तर ती बुरशी समजावी. अशी दुर्बीण फुकट मिळाली तरी घेऊ नये, कारण बुरशी काचेवरचा लेप खाते आणि साफ केल्यावरही डाग राहतात. दुसरी गोष्ट, दूरच्या विजेच्या खांबाकडे दोन्ही डोळ्यांनी पाहिल्यावर खांब एकच दिसला पाहिजे. दोन दिसले किंवा डोळ्यांना ताण जाणवला तर आतले लोलक सरकलेले आहेत. आणि मधले चाक फिरवताना ते अडखळू नये, हातात सैलही वाटू नये.

ठेवण्याविषयी सांगायचे तर दुर्बीण चामड्याच्या किंवा कापडी म्यानात पावसाळाभर ठेवणे म्हणजे बुरशीला घर देणे होय. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि पुड्या ओलसर झाल्या की त्या वाळवून पुन्हा ठेवणे, एवढे पुरते. निरीक्षणानंतर दव पडलेले असेल तर ते पुसू नये. आधी घरात उघड्यावर कोरडे होऊ द्यावे, मग डब्यात ठेवावे.

प्रश्न (नागपूर, महाविद्यालयीन विद्यार्थी): समाजमाध्यमांवर तेजोमेघांची रंगीत छायाचित्रे पाहून दुर्बीण घ्यावीशी वाटते. मोबाइलवर थेट छायाचित्र दाखवणारी "स्मार्ट" दुर्बीण पहिली दुर्बीण म्हणून योग्य आहे का?

उत्तर: आपल्याला पाहायचे आहे की छायाचित्रे घ्यायची आहेत, हे आधी ठरवावे. कॅमेरा मिनिटेच्या मिनिटे, कधी तासन्‌तास प्रकाश साठवतो. डोळा तसे करू शकत नाही, म्हणून छायाचित्रातील लाल-निळा तेजोमेघ कोणत्याही हौशी दुर्बिणीतून डोळ्याला राखाडी धुक्यासारखाच दिसतो. हे माहीत नसताना घेतलेली मोठी दुर्बीणसुद्धा निराश करते.

स्मार्ट दुर्बिणी हे काम चोख करतात. २०२३ पासून लोकप्रिय झालेली सीस्टार एस ५० जेमतेम ५० मिमी भिंगाची आहे, पण ती स्वतःच वस्तू शोधते, दर काही सेकंदांनी एक चित्र घेते आणि ती चित्रे एकावर एक रचत जाते. शहरातूनही तेजोमेघाचा रंग काही मिनिटांत मोबाइलवर उमटतो. मात्र तिला डोळा लावण्याची जागाच नाही, आणि २५० मिमी नाभीय अंतरामुळे गुरू-शनी अगदी इवलेसे येतात. ग्रह हे आपले मुख्य आकर्षण असेल तर ती घेऊ नये.

खर्च करण्याआधी दुसऱ्याच्या दुर्बिणीतून पाहून घ्यावे, आणि नागपूरकरांना तर त्यासाठी चांगली सोय जवळच आहे. पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले डार्क स्काय पार्क (कृत्रिम प्रकाशापासून जपलेले काळोख्या आकाशाचे ठिकाण) म्हणून मान्यता मिळाली. तिथल्या काळोखात दुर्बिणीशिवायच आकाशगंगा दिसते. इतर ठिकाणच्या वाचकांसाठीही सांगतो: पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून काम करीत आहे, मुंबईचे खगोल मंडळ वांगणीला रात्रभराचे आकाशदर्शन ठेवते, आणि गोव्यात पणजीलाही हौशी खगोलप्रेमींचा गट आहे. अशा कार्यक्रमात चार निरनिराळ्या दुर्बिणी ओळीने लावलेल्या असतात. प्रत्येकीतून तोच एक ग्रह पाहावा, दुर्बीण कोणी किती वेळात जोडली हे पाहावे, आणि आवरताना जरा हातही लावावा. वजन तेव्हाच कळते.

प्रश्न (कोल्हापूर, शाळेतील विज्ञान शिक्षिका): शाळेला देणगी म्हणून मिळालेल्या दुर्बिणीच्या खोक्यात आयपीसला आट्यांनी बसणारी एक काळी काच आहे, तिच्यावर "सन" असे लिहिले आहे. ती लावून विद्यार्थ्यांना सूर्यावरील डाग दाखवता येतील का?

उत्तर: नाही. ती काच आजच खोक्यातून काढून फोडून टाकावी, म्हणजे उद्या दुसरे कोणी ती वापरणार नाही. दुर्बिणीचे भिंग सूर्याची सारी उष्णता नेमकी त्या काचेपाशी एकवटते. काच तापून अचानक तडकते, आणि त्या क्षणी विद्यार्थ्याचा डोळा आयपीसला लागलेला असतो. डोळ्याच्या पडद्याला वेदना होत नसल्याने इजा झाल्याचे कळतही नाही.

सूर्यासाठीचा फिल्टर नेहमी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला, म्हणजे प्रकाश आत शिरतो तिथे लावायचा असतो. दुर्बिणींसाठीच बनवलेली सौर फिल्म मिळते. ती सूर्यप्रकाशाचा एक लाखावा भाग तेवढा आत जाऊ देते. ती पुठ्ठ्याच्या कड्यात घट्ट बसवून वाऱ्याने उडणार नाही अशी चिकटपट्टीने बांधावी, दर वेळी आकाशाकडे धरून बारीक छिद्रे पडली आहेत का ते पाहावे, आणि बाजूच्या छोट्या फाइंडरचे (नेम धरण्याच्या दुर्बिणीचे) झाकण लावून ठेवावे किंवा फाइंडरच काढून ठेवावा, कारण मुले हटकून त्यातून डोकावतात. एक्स-रे फिल्म, काजळी धरलेली काच, गॉगल यांपैकी काहीही चालत नाही.

२ ऑगस्ट २०२७ चे सूर्यग्रहण आपल्याकडून खंडग्रास दिसणार आहे. ऑगस्टात कोल्हापूरचे ढग ते कितपत दिसू देतील हे सांगायला ज्योतिषी नको, पण फिल्म आधीच मागवून सरावासाठी वापरलेली असली तर ढगांतून मिळणारी पाच मिनिटेही मुलांच्या कामी येतील. दुर्बिणीपाशी रांग लावताना एक मोठे माणूस पूर्ण वेळ नळीजवळ उभे असावे.